आशालताकाकूंनी घेतलेला फोन

तुळिंजच्या त्या इमारतीत फोन होता एकट्या आशालताकाकूंकडे. म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या उन्नतीने अठरा कारखान्यांना अर्ज पाठवले, तेव्हा प्रत्येक बायोडेटावर काकूंचाच नंबर घातला. पुढे 'शेजारी' असं लिहायला मात्र ती विसरली.

अठ्ठ्याण्णव साल होतं. उन्नती मेकॅनिकलचा डिप्लोमा करत होती आणि दोन महिने कारखान्यात ट्रेनिंग केल्याशिवाय कॉलेज निकाल देणार नव्हतं. पंधरा दिवस झाले तरी कोणी दाद देईना. दोन ठिकाणी तर वॉचमननेच तिला गेटवरून वाटेला लावलं.

अखेर एका दुपारी फोन वाजला. उन्नती कॉलेजात होती.

"उन्नती वैद्य यांचा बायोडेटा मिळाला," पलीकडचा गृहस्थ म्हणाला. "आम्हाला पसंत आहे."

बायोडेटा म्हणजे लग्नाचा, एवढंच काकूंना ठाऊक. त्या हरखल्या. "अगंबाई, न बघताच?"

"त्यात काय बघायचं? सोमवारी पाठवून द्या. दोन महिने ठेवून बघू. जमलं तर पुढचं पुढे."

काकू उसळल्या. "ठेवून बघू? मुलगी म्हणजे काय मिक्सर आहे, घरी नेऊन चालवून बघायला? आमच्या मुली अशा कुणाच्याही हवाली करत नाही आम्ही! आधी मी येणार, जागा बघणार, माणसं बघणार. मग काय ते ठरेल. पत्ता बोला!"

पलीकडून पडक्या आवाजात वसई पूर्वेचा पत्ता आला.

संध्याकाळी काकूंनी हा पराक्रम सांगितला, तेव्हा उन्नतीने जिन्यातच बसकण मारली.

"काकू, ते स्थळ नव्हतं! नळ बनवायचा कारखाना आहे तो! अठरातून एकच फोन आला होता..."

काकूंचा चेहरा उतरला. "मग मी येते ना सोमवारी. पाय धरते त्यांचे."

सोमवारी दोघी पोचल्या, तर कारखान्याची फरशी पुसून लख्ख केलेली आणि मॅनेजर इग्नेशियस लोपीस गेटवर उभे.

"या मॅडम! इतकी वर्षं मुलं येतात, पण कॉलेजकडून बघायला कोणीच आलं नव्हतं."

उन्नतीने तोंड उघडलं. काकूंनी तिच्या दंडाला चिमटा काढला आणि ओठांवर आलेली माफी गिळून टाकली.

"मुलीला शिकवणार काय?" त्यांनी विचारलं.

"सुरुवातीला जरा फायली लावायला..."

"फायली?"

"नाही नाही! लेथ, ड्रिलिंग, मोजमाप. सगळं!"

"आणि मशीन एकदम थांबवायचं बटण कुठंय?"

लोपीससाहेबांनी ते शोधून दाखवलं. त्यावर कोणाचा तरी डबा टांगलेला होता. तो त्यांनी स्वतः काढला.

उन्नती खरोखरच लेथ शिकू लागली. तिच्या वर्गातला सुमेध मात्र दुसऱ्या कारखान्यात कामगारांना चहा नेऊन देत होता. एकदा त्याने तिला खोदून खोदून विचारलं आणि तिला राहवलं नाही; तिने काकूंचा सगळा किस्सा सांगून टाकला.

त्या रविवारी काकूंनी दार उघडलं, तर जिन्यात सुमेध आणि आणखी चौघं, प्रत्येकाच्या हातात बायोडेटा.

"मॅडम, आमचीपण जागा एकदा बघून याल का?"

काकूंनी निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला सारले आणि चष्मा लावला.

"एकेक जण या. आणि आधी शर्टाची बटणं लावा. कारखान्यात जायचंय."