सिरेलीचा टिकाऊ कोयता

स्वस्त वस्तू शेवटी महागात पडते, हे सत्य जगातल्या सर्व दुकानदारांनी एकमताने मान्य केलेले आहे.

फिजीतल्या वानुआ लेवू बेटावरच्या सिरेलीला ते बावन्नाव्या वर्षी पटले. तोवर तो दरवर्षी पंधरा डॉलरचा कोयता घेई आणि दरवर्षी मूठ हातात राहून पाते झुडपात जाई. आयुष्यात एक तरी चांगली वस्तू आपली स्वतःची असावी, एवढीच आता त्याची इच्छा होती. त्याने सावुसावू शहरातून नव्वद डॉलरचा पोलादी कोयता आणला. वीस वर्षे टिकेल, असे दुकानदार म्हणाला. (ते खरे निघाले. तक्रार त्याबद्दल नाही.)

तीन दिवस त्याने मळ्यातले रान साफ केले. पाते गवतातून असे जाई की त्याला एकट्यालाच हसू येई. चौथ्या दिवशी आतेभाऊ एरोनी येऊन बसला.

येथे केरेकेरे या प्रथेची माहिती देणे आवश्यक आहे. नातेवाइकाने नम्रपणे वस्तू मागितली की ती द्यायची. नकाराची तरतूद नाही. परत करण्याची आहे, पण मुदत नमूद नाही. (गावात एकतीस घरे आहेत. नात्यात नसलेले घर अद्याप आढळलेले नाही.)

"काय सिरेल्या, तुझ्या कोयत्याची फार तारीफ ऐकली. दोन दिवस देतोस?"

"तुझा कुठे गेला?"

"आहे की. पण तो पंधरा डॉलरवाला. त्याने काम होतं का, तूच सांग."

या युक्तिवादात सिरेलीला खोट सापडेना. हाच त्याने बायकोला ऐकवला होता.

पुढील सात वर्षांत कोयता सिरेलीच्या घरी एकूण एकोणीस दिवस होता. त्यांतले अकरा रविवार. रविवारी गावात कामाला बंदी असते, म्हणून लोक प्रार्थनेला जाता जाता तो आणून देत आणि सोमवारी पहाटे नेत. मग सिरेलीने मुठीवर तापल्या सळईने आपले नाव कोरले. त्यामुळे कोयता कोणाकडे मागायचा, हे पलीकडच्या गावालाही कळले.

स्वतःच्या कामाला तो पुन्हा पंधरा डॉलरचे कोयते घेऊ लागला. ते कोणीही मागितले नाहीत.

आठव्या वर्षी मळा रानाने गिळला, तेव्हा लाज गुंडाळून ठेवून तो एरोनीच्या दारात जाऊन बसला.

"भाऊ, केरेकेरे. माझा कोयता दोन दिवस दे."

"माझ्याकडे असता तर नाही म्हटलं असतं का? काकूच्या जावयाकडे आहे. त्याच्यानंतर पाद्रीबाबांनी सांगून ठेवलाय. पुढच्या महिन्यात बघू." एरोनीने त्याच्या पाठीवर थाप मारली. "पण वस्तू घेतलीस लेका एक नंबर. अजून धार तशीच."

सिरेलीला फार वाईट वाटले. थोडा अभिमानही वाटला, आणि त्याचे त्याला जास्त वाईट वाटले.

तेव्हा चांगल्या वस्तूला जास्त पैसे मोजावेत काय? अवश्य. कोणीतरी मोजलेच पाहिजेत. हातातले हे पुस्तकच घ्या. कागद जाड, बांधणी पक्की, त्यामुळे किंमत जरा जास्त. ज्याने ती मोजली, त्याचे नाव पहिल्या पानावर शाईने लिहिलेले आहे. ते गृहस्थ गेली दोन वर्षे तुमच्याकडे चहाला येतात, कपाटाकडे बघतात आणि चहाचे आभार मानून घरी जातात.