बारा मीटर जाळीची वाटणी

जाळीचं भेंडोळं एकच होतं आणि ते मागणारी माणसं दोन, तीही एकमेकांशी लग्न झालेली.

निवृत्त गणित-मास्तरांना मागच्या अंगणात गुलाबांभोवती चौकोनी कुंपण हवं होतं. त्यांच्या बायकोला कोंबड्यांसाठी गोल हवं होतं. गोलच का, तर कोपरा दिसला की पिल्लं त्यात एकावर एक चढून बसतात आणि खालची गुदमरतात. सगळा संसार वरच्या मजल्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत झाल्यावर बाईंच्या पायाखाली पहिल्यांदाच स्वतःची जमीन आली होती, आणि बहिणीने नऊ कोंबड्या द्यायचं कबूल केलं होतं. याआधी बायकोने कधी काही मागितल्याचं मास्तरांना आठवत नव्हतं. मागितलं असेलही, तेव्हा ते पेपर तपासत असतील.

"सगळी मला द्या," बाई म्हणाल्या. "गुलाब काय पळून जाणार आहेत?"

"असं कसं? दोघांची मिळून जागा जास्तीत जास्त होईल अशा ठिकाणी कापू. भांडण गणितावर सोडायचं."

"गणित तुमच्याच घरचं. ते माझ्या बाजूने कशाला बोलेल?"

मास्तरांनी भिंतीवरचा फळा पुसला. चौकोनाला क्ष मीटर दिली, तर गोलाला उरली बारा वजा क्ष. चौकोनाचं क्षेत्रफळ क्ष वर्ग भागिले सोळा. गोलाचं, बारा वजा क्षचा वर्ग भागिले चार पाय (π). दोन्हींची बेरीज एका ओळीत मांडली. दोन आकृत्या एका समीकरणात नांदायला लागल्या. घरात हे कधी जमलं नव्हतं. मग त्यांनी विकलन केलं, ते शून्य धरलं, आणि क्ष काढला: सहा पूर्णांक बहात्तर. समोर मार्क देणारं कुणी नव्हतं, म्हणून मास्तर तिथेच थांबले.

"म्हणजे जास्त तुम्हालाच," बाई म्हणाल्या.

"मी नाही घेतली. उत्तर तसं आलंय." आणि त्यांनी पक्कडीने जाळी कापली.

कोंबड्या आल्या. गोलात खुराडं ठेवलं तर त्यांना उभं राहायला जागा उरेना. दाण्यापाण्याची भांडी बाहेर काढली, तर माना जाळीत अडकायला लागल्या. दाटीने त्या एकमेकींना टोचू लागल्या आणि दोघींच्या पाठी उघड्या पडल्या. चौकोनातही सुख नव्हतं. पाणी घालायला आत शिरलेले मास्तर रोज सदरा फाडून बाहेर यायचे.

"आणखी थोडी जाळी आणा ना," बाई म्हणाल्या.

"उत्तर बरोबर असताना जाळी कशाला वाढवायची?"

शेवटी बहीण बघायला आली आणि कुंपणाशी बराच वेळ उभी राहिली. "दाजी, या कोंबड्यांनी तुमचं काय वाकडं केलंय? उद्या परत घेऊन जाते मी."

बहीण गेल्यावर बाई फळ्यापाशी आल्या. "एवढं एकच सांगा. सगळी जाळी मला दिली असती, तर किती जागा झाली असती?"

मास्तरांनी ऐटीत क्षच्या जागी शून्य घातलं. साडेअकराच्या जवळपास आले. आत्ताची बेरीज पाच होती. त्यांनी गुपचूप क्षच्या जागी बारा घातले: नऊ. अर्धी-अर्धी करून पाहिली. तीही आत्ताच्यापेक्षा किंचित जास्तच. मग त्यांच्या लक्षात आलं. नुसतं शून्य आल्याने उत्तर सगळ्यात मोठं की सगळ्यात लहान हे कळत नाही, ते वेगळं तपासावं लागतं. ही पायरी गाळली म्हणून त्यांनी पोरांचे जन्मभर मार्क कापले होते. डोळे मिटून कुठेही पक्कड चालवली असती तरी जास्त जागा मिळाली असती. सगळ्यात कमी नेमकी कुठे मिळते, ते त्यांनी शोधून काढलं होतं.

"किती आलं?"

"कमी," मास्तर म्हणाले.

"बरं झालं विचारलं. मी मनातल्या मनात तुम्हाला फार बोलले हो. चुकलंच माझं."

मास्तरांना लाज वाटली, पण तोंड उघडण्याइतकी नाही. त्यांनी फळा पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी कोंबड्या गेल्या. बाईंनी स्वतःच्या हाताने आपली जाळी सोडवली, मास्तरांच्या जाळीला तारेने जोडली आणि गुलाबांभोवती मोठा चौकोन करून दिला. मास्तर आत ऐसपैस उभे राहिले. सदरा कुठे अडकला नाही.

"आता झाली का जास्तीत जास्त?" बाईंनी खुंटी ठोकता ठोकता विचारलं.

"जवळजवळ," मास्तर म्हणाले.