विजूमावशींचा खोटा दवाखाना

विजूमावशी बोलताना समोरच्याची हनुवटी धरतात. प्रेमानं नव्हे, त्याची मान हलू नये म्हणून.

"मान हलली की मेलात!" हे त्यांचं लाडकं वाक्य. डॉक्टरचं काही कळलं नाही तरी आपला माणूस मान डोलावतो, इथल्या डॉक्टरला वाटतं याला सगळं समजलं, आणि तो निघून जातो. म्हणून दर शनिवारी शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूजवळच्या एका लायब्ररीच्या तळघरात मावशी जमतील तेवढ्या काका-काकूंच्या हनुवट्या धरतात आणि दवाखान्यापुरतं इंग्रजी शिकवतात. मी आयटीतला, पुण्याचा. खुर्च्या मांडतो.

मावशींचा जन्म नागपूरच्या एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासण्यात गेला. वर्गात त्या पांढरा कोट घालून उद्धट डॉक्टर होऊन येतात. नजर लॅपटॉपवर, इंग्रजी सुसाट, शेवटी "एनी क्वेश्चन्स? नो? गुड. नेक्स्ट!" विद्यार्थ्यानं त्यांना मध्येच अडवून "प्लीज, स्लोली" म्हणायचं असतं. कोणी म्हणत नाही. एकदा एक काकू कशाबशा म्हणाल्या. मावशी खरंच हळू बोलल्या, तर काकूंनी वाकून त्यांच्या पाया पडून घेतलं. दुसऱ्या काकूंना 'एम्प्टी स्टमक' समजावलं, तर गोळी घेऊन त्या दिवसभर उपाशी राहिल्या.

"मावशी, जरा सोपं करा ना," मी म्हणायचो.

"डॉक्टर करणार आहे का सोपं?"

अशा वर्गात एका शनिवारी अण्णा पाटील पेढे घेऊन आले. अण्णा सांगलीचे, मुलीकडे राहणारे. त्यांच्या पोटातला तुकडा काढून तपासायला पाठवला होता.

"रिपोर्ट पॉझिटिव्ह आला!" अण्णांनी दारातूनच सांगितलं. "मुलगी सांगायची विसरली बघा. मीच वाचलं तिच्या फोनवर. जावई रोज म्हणतात, थिंक पॉझिटिव्ह!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे खाल्ले. मावशींच्या हातातला पेढा हातातच राहिला. त्या सगळ्यांना म्हणाल्या, "आज वर्ग कॅन्सल." पुढ्यातला पेढा घेत कोणी विचारलं, "का हो?" मावशी अण्णांसमोर येऊन बसल्या.

लोक गेल्यावर अण्णांनीच विचारलं, "पॉझिटिव्ह चांगलं नसतं का?"

"या रिपोर्टात नसतं, अण्णा."

"म्हणजे... ते आहे?"

"आहे."

अण्णांनी पेढ्यांच्या खोक्याचं झाकण लावलं. "सगळ्यांना वाटले की हो मी," ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी त्यांची मुलगी आली. "मावशी, बाबांना आम्ही सांगणारच नव्हतो. हू आर यू टू डिसाइड?"

"त्यांनी विचारलं गं."

"मग खोटं बोलायचं होतं!"

मावशींनी कोट काढला आणि त्या घडी घालत बसल्या. घडी काही जमेना.

त्यानंतर वर्ग गळत गेला. मावशींकडे गेलं की आजार निघतो, अशी बातमी डेव्हनवरच्या वाणसामानाच्या दुकानांतून पसरली. ज्या काकू पाया पडल्या होत्या, त्याही रस्ता ओलांडून जायला लागल्या. मी मावशींना घरी सोडायचो. मुलगा लांब कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला; घरात त्या एकट्या. गाडीतून उतरताना म्हणायच्या, "शिकवलं काय मी? कोणाला काय आलं?" खरंच कोणाला काही आलं नव्हतं.

अण्णा उन्हाळ्याआधी गेले. पण त्याआधी एका शनिवारी ते बसनं एकटेच वर्गाला आले. खूप वाळले होते. बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या.

"दुखण्याचे शब्द शिकवा," ते म्हणाले. "मुलगी बरोबर असली की मला बोलता येत नाही. तिचा चेहरा बघवत नाही. मी एकटाच आत जाईन म्हणतो."

मावशींनी त्या दिवशी कोट घातला नाही. ठणकतं म्हणजे थ्रॉबिंग. जळजळतं म्हणजे बर्निंग. भोसकल्यासारखं म्हणजे स्टॅबिंग. अण्णा एकेक शब्द तोंडात घोळवत होते. मग त्यांनी विचारलं, "आणि भीती वाटते, याला?"

"आय ॲम स्केअर्ड."

"आय ॲम स्केर्ड."

"पुन्हा म्हणा. आय ॲम स्केअर्ड."

दोघं मिळून म्हणत राहिले. थोड्या वेळानं अण्णांना नीट जमलं. ते थांबले, बाटलीतलं पाणी प्यायले. मावशी थांबल्या नाहीत. समोरच्या भिंतीकडे बघत, अगदी स्वच्छ उच्चारात त्या म्हणतच होत्या, "आय ॲम स्केअर्ड. आय ॲम स्केअर्ड."

अण्णांनी बाटली खाली ठेवली आणि आपली खुर्ची त्यांच्या खुर्चीजवळ ओढली.