हजर कुठं व्हायचं?

श्रीपतबापूंना कामावरून काढलेलं मी सदतीस वेळा पाहिलं आहे. मला मोजायची सवय आहे, त्यामुळे आकडा खात्रीचा. कधी ते रडले, कधी टेबलावर डोकं ठेवून गप्प बसले. एकदा त्यांनी माने सुपरवायझरांची कॉलर धरली. एकदा तर सरळ आडवे झाले. कँटीनमधून कांदा फोडून आणेपर्यंत सगळ्यांची पळापळ झाली. नाकाशी कांदा धरताच बापू उठून बसले आणि म्हणाले, "सहा साहेब उभे होते. एकालाही पाणी सुचलं नाही."

ही सगळी नाटकं होती. अडतिसाव्या वेळी मात्र त्यांना खरोखरच काढायचं होतं, आणि ते सांगायचं काम माझ्याकडे आलं.

इस्लामपूरजवळ आमचा पंपांचे सुटे भाग करायचा कारखाना आहे. मी तिथला प्रशिक्षण विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी, एक कपाट आणि आठवड्यातून दोनदा सांगलीहून एसटीने येणारे बापू. वय सत्तरीचं. तिथंच विश्रामबागेत एका खोलीत एकटे राहतात. उभं आयुष्य नाटकात गेलं, पण राजाचा पार्ट कधी मिळाला नाही. ते कायम निरोप्या. धावत यायचं, युवराज रणात पडल्याचं सांगायचं, विंगेत निघून जायचं. "चाळीस वर्षं मी फक्त वाईट बातम्या आणल्या, बाई," ते म्हणत. "रडायचं राजानं. टाळ्या राजाला. आपल्याला नुसती धाप."

कंपनीत ते साहेबलोकांना माणसांशी बोलायला शिकवत. भाषण नाही, फळा नाही. समोरासमोर दोन खुर्च्या. एकीवर साहेब, दुसरीवर बापू. चिडलेलं गिऱ्हाईक बापू, रजा नाकारलेला कामगार बापू, पिऊन आलेला ड्रायव्हरही बापूच. ज्याचा पार्ट करायचा त्याच्याबरोबर ते आधी एक दुपार डबा खात. मग येऊन मला सांगत, "हणमंत चटणी आधी संपवतो आणि कोरडी भाकरी मागं ठेवतो. असा माणूस भांडत नाही. त्याला सांगणं जास्त अवघड."

गेल्या वर्षी पुण्याच्या हेड ऑफिसातल्या साहेबांनी आमचा एक विभाग बंद करायचं ठरवलं. चौदा माणसं जाणार होती. पत्रं तयार होती. पण तसलीच पत्रं आधी सातारच्या शाखेत वाटली होती, आणि तिथं भलताच प्रकार झाला होता. पत्रात लिहिलं होतं, 'आपणांस कार्यमुक्त करण्यात येत आहे.' आमच्याकडे घरटी एक मास्तर नाहीतर एक फौजी. कार्यमुक्त म्हणजे इथून सुटका आणि दुसरीकडे हजर व्हायचं, हे पोरासोरांनाही ठाऊक. वाईच्या एका कामगाराने बदलीच झाली असं समजून गावात पेढे वाटले. आठवडाभर तो नव्या जागेच्या हुकमाची वाट बघत बसला. शेवटी गेटवरच्या वॉचमनने त्याला खरं काय ते सांगितलं.

म्हणून या वेळी आधी तालीम करायचं ठरलं.

पहिल्या दिवशी मान्यांनी पत्र वाचून दाखवलं. त्या चौदांतला हणमंत झालेले बापू उठले आणि त्यांनी हात जोडले. "लय बरं झालं, सायेब. मग हजर कुठं व्हायचं?"

मान्यांनी माझ्याकडे बघितलं. "आवं बापू, असं कोण इचारतंय?"

"हणमंत इचारणार."

"कुठंच न्हाई व्हायचं हजर."

"मग तसं म्हणा की."

"म्हणवत न्हाई."

"माझ्यापुढं म्हणवत नाही, मग त्याच्यापुढं काय म्हणणार? बाहेर जा. दार लावून परत या."

असं महिनाभर चाललं. चौदांपैकी कुणाला दोनदा काढून झालं, कुणाला तीनदा. मान्यांना हसू यायचं. तिसऱ्या आठवड्यात ते यायचं थांबलं, आणि घरी जेवण जाईना म्हणून त्यांच्या बायकोने मला फोन केला. शेवटी ते एका दमात म्हणू लागले, "तुझं काम संपलं. दुसरीकडं जागा न्हाई. हे मी तोंडानं सांगतोय, कागद मागनं."

खऱ्या दिवशी त्यांनी चौदाही जणांना असंच सांगितलं. कुणी भोवळ येऊन पडलं नाही, कुणी कॉलर धरली नाही. हणमंताने खाली बघत ऐकून घेतलं. मग मान्यांना विचारलं, "तुमी जेवलासा का?"

बापूंना हे कळलं तेव्हा ते कितीतरी वेळ स्वतःवरच चिडून होते. "मी त्याला तीन प्रकारे रडवला. हे वाक्य मला सुचायला पाहिजे होतं. त्याच्या डब्याला बसून काय बघितलं मी?"

पुढच्याच महिन्यात पुण्याहून कळलं, की यापुढे प्रशिक्षण मोबाईलवरच्या व्हिडिओंतून होईल. बापूंना मेल टाका, म्हणाले. बापूंना मेल नाही. आणि असता तरी मी टाकला नसता. दुपारी कामं उरकून मी सांगलीची एसटी धरली.

खोलीत कॉट, स्टो आणि समोरासमोर मांडलेल्या दोन खुर्च्या. मी बसले आणि म्हणाले, "बापू, कंपनीतलं तुमचं काम संपलं. पुढं बोलावणं येणार नाही."

त्यांनी मान तिरकी केली. "बघत कुठं होतात? स्टोकडं. परत करा."

मी बाहेर गेले, दार लावलं, आत आले, परत सांगितलं.

"आता घाई केलीत. म्हातारा आहे समोर. परत."

तिसऱ्यांदा दाराची कडी धरल्यावर माझ्या लक्षात आलं, की बापूंच्या लेखीही ही तालीम नाही. त्यांना ते पहिल्याच वेळी कळलं होतं. मी आत आले आणि त्यांच्याकडे बघत, सावकाश, पुन्हा तेच सांगितलं.

"हं," ते म्हणाले. "झालं." मी पिशवी उचलली तसे म्हणाले, "लगेच उठू नका. निरोप्याला नाटककार लगेच पळवतो, ते चूक आहे."

मी बसून राहिले. त्यांनी चहा केला. मग विचारू लागले, हणमंताने शेळ्या घेतल्या का, धोंडीराम कुठे लागला, संपताची मुलगी दहावी झाली का. मला माहीत होतं तेवढं मी सांगत गेले. चौदा जणांची यादी माझ्या पिशवीत होती. त्यांना ती लागली नाही. बोटांवर मोजत ते तेरापर्यंत आले आणि अडले.

"शेवटचा तो... तासगावकडचा. गूळ खायचा भाकरीबरोबर. काय बरं नाव?"

मला नाव माहीत होतं. बाहेर माझी परतीची पाचची गाडी निघून गेली असणार. मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आठवेल, बापू. बसते मी."