वनाच्या मानेवरची दुर्मिळ गाठ

१९९१ सालची दिवाळी सरली आणि धुळ्याच्या भुसार बाजारात पोती वाहणाऱ्या वना हमालाच्या मानेवर एक गाठ उगवली. उगवावी तर कुठे, नेमकी पोतं टेकतं तिथे. एरवी ती दुखत नव्हती, पण पोतं टेकलं की वनाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत. पोट पोत्यांवरच चालायचं, म्हणून गाठ काढून घ्यायला तो मोठ्या दवाखान्यात गेला.

गाठीचा तुकडा तपासून आला, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी वनाचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. लसिकाग्रंथींचा हा आजार लाखात एखाद्यालाच होतो आणि वर निरुपद्रवी, असं ते म्हणाले. मग काढणार कधी, असं वनाने विचारताच त्यांचा चेहरा पडला. महिन्यावर विद्यार्थ्यांची परीक्षा आली होती. असला पेशंट काय रोज मिळतो?

झालं, वना परीक्षेला बसला. म्हणजे स्टुलावर बसला आणि चाळीस भावी डॉक्टरांनी त्याची मान चाचपली. पस्तीस जणांनी कॅन्सर सांगितला. बिचाऱ्याला दर वेळी नव्याने घाम फुटायचा. परीक्षा आटोपली तर तपासणी समिती आली, ती गेली तर डॉक्टरांची परिषद भरली. असे वनाचे सहा महिने दवाखान्यातच गेले.

तिकडे हमालांचा मुकादम बन्सीलाल याने वनाच्या सुट्टीसाठी दाखला मागितला. दवाखान्याने तत्परतेने दिला: आजार निरुपद्रवी. निरुपद्रवी आजाराला सुट्टी कसली, म्हणत मुकादमाने वनाचा हमालीचा बिल्ला पुना नावाच्या दुसऱ्या माणसाला देऊन टाकला. वनाच्या बायकोने, सुंदरबाईने, डॉक्टर आणि मुकादम दोघांच्याही नावाने बोटं मोडली.

अखेर गाठ निघाली. ती काचेच्या बरणीत घालून दर्शनी कपाटात ठेवली. खाली आजाराचं नाव, त्याखाली डॉक्टरांचं. मी सहा महिने इथेच अडकलो होतो एवढं लिहून द्या, म्हणजे बिल्ला परत मिळेल, असं सांगायला वना डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग मानेकडे.

"आपण कोण?"

"सायेब, बरणीमा जी गाठ शे ना, ती मनी शे."

"कशावरून?"

वनाने टाक्यांचा व्रण दाखवला. असे व्रण पुष्कळांना असतात, म्हणत डॉक्टरांनी त्याला अर्ज करायला सांगितलं. अर्ज परत आला. दवाखान्याच्या दप्तरी गाठ होती, वना नव्हता.

ही हकीकत ऐकून लोक फार हळहळतात आणि लगेच विचारतात, आजाराचं नाव काय हो? तुम्हीही तेच विचारायच्या बेतात असाल. वना आता काय खातो, हे अजून कुणी विचारलेलं नाही.