जावईबापूंची दगडी लोकर

"टाचणी पडली तर तिचीच तिला लाज वाटेल, एवढी शांतता करून दाखवतो!" जावईबापूंनी जाहीर केलं. घरात कोणी मान वर केली नाही. बायको भाजी निवडत होती. सासरे टीव्हीवर कुस्ती बघत होते आणि त्यांना काही ऐकू गेलंच नव्हतं.

जावईबापू हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सासरे मुलीकडे राहायला आले आणि या नावाने हाका मारायला लागले. मग शेजारीपाजारी, दूधवाला, इस्त्रीवाला, सगळेच त्यांना जावईबापू म्हणू लागले. स्वारीनेही ते मनावर घेतलं. सगळ्या जगाने आपला मान राखावा, आणि मधे बोलू नये, एवढीच त्यांची साधी अपेक्षा होती.

अडचण होती ती टीव्हीची. सासऱ्यांना कमी ऐकू यायचं. टीव्ही एवढा मोठा लागायचा, की वरच्या मजल्यावरचे लोक स्वतःचा बंद करून हाच ऐकायचे. विजेची बचत! आणि त्या टीव्हीच्या खोलीला लागूनच, एका भिंतीपलीकडे, जावईबापूंची खोली. त्याच खोलीत बसून शनिवारी त्यांना मुलाखत द्यायची होती. संगणकावर, समोरासमोर. पाण्याचे पंप बनवणाऱ्या त्यांच्या कंपनीत तक्रार विभागाचं प्रमुखपद रिकामं झालं होतं. त्या खुर्चीकडे डोळे लावून लावून बिचाऱ्यांचा चष्म्याचा नंबर वाढला होता.

"आम्हाला लोकांचं ऐकून घेणारा माणूस हवाय," मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं.

"माझ्यासारखा ऐकून घेणारा तुम्हाला शोधून सापडायचा नाही!" जावईबापू म्हणाले, आणि साहेबांचं पुढचं वाक्य त्यांनी ऐकलंच नाही.

बायकोने आपल्या परीने सुचवून पाहिलं. "अहो, बाबांना ते कानाला लावायचं यंत्र घेऊन द्या ना."

"हा कानाचा प्रश्नच नाही. भिंतीचा आहे! घाव मुळावर घालायचा असतो."

"मग मुलाखतीपुरता टीव्ही बंद ठेवू."

"तू गप्प बस. तुला यातलं शास्त्र कळायचं नाही."

ती गप्प बसली. मुरलेल्या संसारात बायको गप्प बसली की शहाणा नवरा सावध होतो. जावईबापू खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. त्याने आवाज अडवणारी असली भिंत उभ्या जन्मात केली नव्हती. पण "होऊन जाईल, साहेब!" हे वाक्य त्याच्या तोंडात खिळ्यांसारखं कायम तयार असायचं. जुन्या भिंतीवर लाकडी चौकट ठोकायची, तिच्या कप्प्यांत दगडी लोकर भरायची आणि वरून जाड बोर्ड मारायचे, असा बेत होता. लोकरीचे गठ्ठे आले तेव्हा सासरे लगबगीने बघायला उठले.

"हे काय आणलंत, जावईबापू?"

"दगडी लोकर!"

"दगडी? मेंढ्या काय दगडाच्या असतात?"

"अहो बाबा, दगड वितळवून करतात!"

"दगड गिळून मरतात? अरेरे! बिचाऱ्या मेंढ्या!" सासरे हळहळत परत कुस्तीकडे गेले.

भिंत कशी करायची ते दाखवणारी एक चित्रफीत जावईबापूंनी फोनवर लावून ठेवली होती. बायको चहा घेऊन आली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "अहो, चौकट आणि भिंत यांच्यात बोटभर फट ठेवा म्हणतोय तो. चौकट भिंतीला टेकली तर धक्के आरपार जातात म्हणे."

जावईबापूंनी सुताराकडे बघून डोळे मिचकावले. "बघितलंस? फट ठेवा म्हणे! अगं, आवाज येतो तोच मुळी फटीतून! फट बुजवायला निघालोय ना मी? ठोक रे घट्ट!"

"होऊन जाईल, साहेब!"

चौकट भिंतीत अशी ठोकली, की ती जन्मात हलली नसती. टेबलाची फळीही तिलाच पक्की केली. मग जावईबापूंच्या अंगात आलं. दाराला गादी मारली, खिडकीला दुसरी जाड काच लावली, होती नव्हती ती सगळी भोकं बुजवली. एक डास आत राहिला होता, तोही जन्मठेपेला गेला!

मग परीक्षा झाली. जावईबापू दार लावून आत बसले. "आता बाहेरून ओरड, अगदी जोरात!" बायको ओरडली. लग्न झाल्यापासून मनात साठवलेलं सगळं, नावनिशीवार, माहेरच्या आणि सासरच्या मंडळींसकट, ती मनसोक्त ओरडली. जावईबापू विजयी मुद्रेने बाहेर आले.

"एक अक्षर ऐकू आलं नाही!"

"छान झाली हो भिंत," ती म्हणाली. किती दिवसांनी तिचा चेहरा असा खुलला होता!

शनिवार उजाडला. जावईबापूंनी फोन बंद केला, घरच्यांना हुकूम सोडला, "दार लागलं की मला कोणी हाक मारायची नाही, घराला आग लागली तरी!" आणि कडी लावून, खिडकीकडे पाठ करून बसले. पडद्यावर मोठे साहेब, एक मॅडम आणि मुख्य कचेरीतले एक गृहस्थ दिसू लागले.

जावईबापूंना एक खोड होती. मुद्दा मांडला की ते टेबलावर मूठ आपटायचे.

"मी लोकांचं ऐकतो!" धाड! "शेवटपर्यंत ऐकतो!" धाड! "लहानमोठा भेद करत नाही!" धाड! धाड!

टेबल चौकटीला, चौकट भिंतीला, आणि भिंतीपलीकडे तिला टेकून सासऱ्यांची आरामखुर्ची! आवाज तिकडे गेला नाही. तो गेला असता तरी सासऱ्यांना काय त्याचं! पण धक्का थेट पाठीत बसला. ते ताडकन उठले.

"भूकंप! पळा!"

"बाबा, काहीतरीच काय," बायको म्हणते आहे, तोच भिंतीवरचं घड्याळ खिळ्यावरून निसटून खाली आलं. उरलेल्या फळ्या न्यायला आलेला सुतार फळ्या टाकून "भूकंप! भूकंप!" करत अंगणात पळाला. ते ऐकून वरच्या मजल्यावरचे धडाधडा जिने उतरले. बायकोने जावईबापूंचं दार दोन्ही हातांनी बडवलं. पण दाराला गादी होती! शेवटी वडिलांचा हात धरून तीही अंगणात धावली. "अहो, आमचे हे आतच राहिले!" असं म्हणताना तिला खरंच रडू फुटलं. एवढं ओरडून घेतलं होतं तरी माणूस आपलाच ना!

सगळं अंगण खिडकीशी लोटलं.

"समजा," पडद्यावरच्या मॅडमनी विचारलं, "तक्रार घेऊन आलेले लोक आरडाओरडा करायला लागले, तर तुम्ही काय कराल?... अं, तुमच्या मागे खिडकीत लोक जमलेत. काहीतरी सांगतायत वाटतं."

जावईबापूंना वाटलं, ही परीक्षाच आहे! मान वळवली की गेलो!

"सांगू द्या, मॅडम! लोक सांगतच असतात. आपण बघायचं नाही!" धाड!

"अहो, एक बाई रडतायत."

"रडू द्या. थोड्या वेळात दमतात. घरचा अनुभव आहे!"

"आता एक जण हातोडी घेऊन आलाय," मुख्य कचेरीतले गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले.

"येऊ द्या! तक्रारवाल्याकडे पाठ करून बसायचं, साहेब. आपोआप गप्प होतो! हेच माझं..."

खळ्ळकन दोन्ही काचा फुटल्या. "साहेब, भूकंप!" सुतार ओरडला. जावईबापू जे टेबलाखाली गेले, ते थेट मुलाखतीतून दिसेनासे झाले.

बराच वेळ काही हललं नाही. मग टेबलाखालून एक हात आला, मागोमाग रांगत जावईबापू आले, त्यांनी दाराची कडी काढली आणि सगळी वरात आत शिरली. सासरे उन्हाला कंटाळून आधीच आपल्या खुर्चीत जाऊन बसले होते. बायकोने डोळे पुसले. तिने टेबल पाहिलं, चौकट पाहिली, नवऱ्याची लालबुंद मूठ पाहिली. आणि टेबलावर एक गुद्दा हाणला.

"परत आला! पळा!" पलीकडून सासरे किंचाळले.

मग जे हसू फुटलं! वरच्या मजल्यावरचे, इस्त्रीवाला, सुतार, सगळे पोट धरून हसत होते. पडद्यावर मोठे साहेब शांतपणे काहीतरी बोलत होते. जावईबापूंनी कानाला हात लावला, पडद्याला नाक टेकवलं. "काय म्हणालात, साहेब? इथं जरा आवाज आहे..."

पडदा काळा झाला.

"काय म्हणाले?" जावईबापूंनी बायकोला विचारलं. तिला ऐकू आलं नव्हतं. सुताराला आलं नव्हतं. त्या गलक्यात कोणालाच काही आलं नव्हतं.

आणि भिंतीपलीकडून, उघड्या दारातून, सासऱ्यांचा खणखणीत आवाज आला.

"तुम्हाला नाही घेतलं म्हणाले, जावईबापू!"