शार्दूलराव महाराजांचं अढळपद

बसलात सगळे? मागच्यांना ऐकू येतंय ना? मग सांगतो. एका जंगलात, बाळांनो, शार्दूलराव नावाचा वाघ राज्य करत होता. जंगल कुठलं ते विचारू नका. ज्याला त्याला ते आपलंच वाटतं आणि मग उगाच भांडणं होतात.

त्या जंगलात एक रीत होती. जे काही उभं असेल त्याचं तोंड महाराजांच्या गादीकडे हवं. मोर नाचायचा तो गादीकडे तोंड करून. मुंग्यांना वारुळाचं दार त्याच बाजूला काढावं लागे. ओढ्याला तेवढी सूट होती, कारण त्याला समजावणारा कोणी सापडला नव्हता.

महाराज स्वतः मात्र गादीवरून कधी उठत नसत. आपण उठलो की दुसरं कोणीतरी बसतं, असा त्यांच्या घराण्याचा अनुभव होता. त्यांच्या वडिलांना तो अनुभव खुद्द शार्दूलरावांनीच दिला होता.

एक दिवस बातमी आली. शेजारच्या जंगलातल्या वाघाने म्हणे दुर्बीण घेतली आणि तो रोज संध्याकाळी शनीची कडी बघतो. झालं. आपल्या महाराजांना शनी कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं, पण शेजाऱ्याकडे आहे म्हटल्यावर आपल्याकडे नको? दुर्बीण आली. छोटीशीच होती. पुढे भिंग, मागे डोळा लावायची जागा. सोबत तीन पायांचा एक स्टँड आणि त्याच्या डोक्यावर एक तिरका दांडा.

"ही त्याच्यावर बसवायची कोणी?" महाराजांनी विचारलं.

दरबार आपापल्या पंजांकडे बघू लागला. तेवढ्यात सगुणाबाई साळिंदरीण म्हणाली, "त्यात काय एवढं? माझ्या माहेरी घरोघरी असतात."

तिचं माहेर शेजारच्या जंगलात. तिथे दुर्बीण एकच होती आणि ती तिने लांबूनच पाहिली होती. पण माहेरचा विषय निघाला की बाईंना राहवत नसे.

दिवाण होते दंताजीपंत तरस. ते हसले. ते नेहमीच हसत, त्यामुळे कोणाला काही कळत नसे. "छान," ते म्हणाले. "पौर्णिमेपर्यंत महाराजांना कडी दिसली पाहिजेत. नाही दिसली तर बाई, तुमचं बीळ सरकारजमा."

सगुणाबाईचं बीळ उत्तरेच्या सुळक्याच्या पायथ्याशी होतं. कोरडं, उबदार, आत दोन पिल्लं. दिवाणांच्या मेहुण्याचा त्या बिळावर केव्हापासून डोळा होता, हे साऱ्या जंगलाला माहीत होतं.

तिने धावतपळत माहेर गाठलं. भावाने समजावून सांगितलं, "अगं, आकाश ध्रुवाभोवती फिरतं. तो तिरका दांडा ध्रुवाकडे रोख. मग एक चाकी हळूहळू फिरवत राहिलीस की शनी जागचा हलत नाही. बाकी सगळं सोपं आहे."

सोपं आहे म्हणायला भावाचं काय जातं? त्याच्या जंगलात दंताजीपंत नव्हते.

सगुणाबाईने गादीशेजारी स्टँड उभा केला. दोन कड्यांत दुर्बीण आवळली आणि वर चढवली. तोल राहावा म्हणून दुसऱ्या बाजूच्या सळईला लोखंडी वजन अडकवलं.

"हे काय?" दंताजीपंतांनी विचारलं. "महाराजांच्या दुर्बिणीच्या तोलाचं दुसरं काही आहे, असं सुचवायचंय का तुम्हाला?"

वजन काढलं. दुर्बीण धाडकन खाली आली आणि रानडुकराच्या टाळक्यात बसली. मग वजनावर महाराजांचं चित्र चिकटवलं, तेव्हा ते चाललं.

मग तिने दांडा ध्रुवाकडे कलता केला.

"आता हा कोणापुढे वाकलाय?"

"ध्रुवापुढे."

"आपल्या दरबारात वाकायचं ते एकाच दिशेला, बाई. फिरवा इकडे."

काय करणार? दांडा गादीकडे फिरवला. काजवे लागायच्या वेळी महाराजांनी बसल्या जागेवरून मान पुढे केली आणि डोळा लावला. शनी आला आणि सरकून निघून गेला. सगुणाबाईने चाकी फिरवली, तर तो भलतीकडेच गेला. महाराजांना नुसता अंधार दिसला.

"कुठे गेला?"

"आपल्या नजरेला नजर देण्याची त्याची छाती झाली नाही, महाराज," दिवाण म्हणाले.

पहिल्या दिवशी महाराज खूश झाले. दुसऱ्या दिवशी थोडे कमी. मग शेजारच्या वाघाचा निरोप आला, 'आमच्याकडे शनी छान थांबतो, तुमच्याकडे थांबत नाही असं कळलं.' त्या दिवशी महाराजांनी एक माकड खाल्लं. पौर्णिमा उद्यावर आली होती.

सगुणाबाई बिळात तळमळत होती. पिल्लं तिला बिलगून झोपली होती. दांडा गादीकडेच हवा आणि ध्रुवाकडेही हवा. ध्रुव तर हलणार नाही. मग हलणार कोण? ती ताडकन उठून बसली.

सकाळी दरबारात ती म्हणाली, "महाराज, ध्रुवबाळाची गोष्ट आठवते ना? देवाने त्याला अढळपद दिलं. तिथून त्याला कोणीच उठवू शकत नाही."

महाराजांचे कान टवकारले. "कोणीच नाही?"

"कोणीच नाही. आपली गादी त्या पदाखाली, उत्तरेच्या सुळक्यावर नेली तर..."

पुढचं महाराजांनी ऐकलंच नाही. चार हत्तींनी गादी उचलली, महाराजांसकट, आणि सुळक्यावर नेऊन ठेवली. दुर्बीण खाली माळावर, जुन्या जागीच राहिली. संध्याकाळी बरोबर महाराजांच्या टाळूवर ध्रुव उगवल्यासारखा दिसू लागला. दांडा महाराजांकडे रोखला. दंताजीपंतांनी एक डोळा मिटून तपासलं. रीत पाळली होती.

सगुणाबाईने शनी धरला, चाकी फिरवली आणि डोळा लावला. तो हलला नाही. मधोमध एवढासा गोळा आणि त्याच्याभोवती कडी, अगदी कोणी हाताने बसवल्यासारखी. तिला इतका आनंद झाला की अंगावरचे सगळे काटे उभे राहिले आणि शेजारचे ससे लांब पळाले.

"दिसतोय का?" वरून आवाज आला. "मी खाली येऊ?"

"महाराज, अढळपद आहे ते," दंताजीपंत ओरडले. "उठलात की गेलं."

महाराजांनी क्षणभर विचार केला, मागे वळून पाहिलं आणि गादी घट्ट धरून बसले. मग दिवाणांनी दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ ते हसले नाहीत. शेवटी म्हणाले, "महाराज, ती कडी नाहीत. शनी आपल्यासाठी हार घेऊन उभा आहे."

सुळक्यावरून समाधानाची डरकाळी आली. दिवाण सगुणाबाईकडे वळले. "बीळ उद्या सकाळी रिकामं करा."

"का म्हणून? कडी दिसली की."

"कोणाला? ठरलं होतं की महाराजांना दिसली पाहिजेत. त्यांना कुठे दिसली?" ते पुन्हा हसू लागले होते. "आणि आता वर महाराज बसतात. त्यांच्या पायाखाली कोणीही राहून कसं चालेल? घरचंच माणूस हवं."

मेहुणा सकाळपर्यंत थांबला नाही. तो गवताची गादी घेऊनच आला होता.

सगुणाबाई पिल्लांना घेऊन माळावर आली. ती रडली, अगदी मनापासून रडली. गादी उत्तरेला न्यायची कल्पना तिचीच होती.

"आई, आता झोपायचं कुठे?" थोरल्याने विचारलं.

तिने नाक पुसलं आणि चाकी थोडी फिरवली. "बघू. आधी या इकडे, कडी बघून घ्या," ती म्हणाली. वर महाराज जागेच होते आणि कोणी आपल्या गादीवर येतंय का ते बघत होते.

तात्पर्य: बाळांनो, दुर्बीण नेहमी चुकीची लावावी. चुकीची लावली की दोष शनीला जातो. बरोबर लावली की बीळ आपलं जातं. आणि माहेरी काय काय असतं, ते दरबारात सांगू नये.